हँडल मारून वीज: किती आणि कुठवर

तर मंडळी, अध्यक्षांनी घड्याळ माझ्याकडं तोंड करून ठेवलंय, म्हणजे हातानं वीज करायचा विषय लगेच सुरू करायला पाहिजे, पण आधी त्या व्हिडिओचं बोलू द्या. मोटर अल्टरनेटरला, म्हणजे फिरवलं की वीज करणाऱ्या यंत्राला, जोडलेली, अल्टरनेटरची वायर परत मोटरला, वर बल्बांची माळ लखलखतेय आणि खाली लिहिलंय 'लाइटबिल विसरा'. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडच्या ग्रुपवर फिरतोय हा. आमचे भावजी मला सारखा पाठवतात, बरं स्वतः इंजिनिअर! टेबलाखालनं वायर गेलेली असते हो, दुसरं काय असणार.

आमच्या शाळेतली पोरं म्हणाली, सर, मोटर नको, हातानंच फिरवू. हे मात्र मला लई आवडलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतनं लोखंडी चकत्या कापून आणल्या, त्यावर निओडायमियमचे, म्हणजे लई ताकदीचे, मॅग्नेट चिकटवले, रिवाइंडिंगवाल्याकडनं कॉइल गुंडाळून घेतल्या, सायकलची चेन लावली आणि ते धूड नेलं कुठं, तर तालमीत! एक पैलवान पुढं आला. नुसतं हँडल दिलं तर एका हातानं गरगर फिरवतोय, वर विचारतोय, 'सर, ह्यात काय हाय?' मी गप्प गाडीच्या हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब जोडला. हँडल असं जड झालं की कुणी मागनं धरून ठेवल्यागत. करंट वाहायला लागला की कॉइल मॅग्नेटला उलटा जोर लावते, लेंझचा नियम, बारावीला सगळ्यांनी पाठ केलाय, हाताला कुणाच्या लागला नव्हता. गड्यानं बल्ब पेटवला की, खोटं कशाला बोलू, पण जरा वेळानं बल्ब पिवळा आणि पैलवान लाल. वस्ताद म्हणाले, हे इथंच ठेवा, जोर-बैठका बंद करतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

साधा माणूस हातानं तासभर टिकवून देणार 30 ते 50 वॅट, पायानं पॅडल मारून 75 ते 100. चेनचं घर्षण, तारेची गरमी, करंट एकाच दिशेनं सोडणारे डायोड, बॅटरी, सगळ्यांनी आपापलं खाल्लं की हातानं 20 उरले धरा. म्हणजे एक युनिटला 50 तास! 9 वॅटचा एलईडी आरामात, मोबाईल तासाभरात, 750 वॅटचा मिक्सर सोडून द्या, आणि 5 एचपीचा पंप चालवायचा तर दोनशेच्या आसपास माणसं बोलवा, त्यांचं जेवण वेगळं.

गाडीचा तयार अल्टरनेटर का नाही, तर त्याच्या रोटरलाच, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या चुंबकाच्या कॉइललाच, 3-4 अँपिअर लागतात, 12 व्होल्टनं हिशोब करा, 40 वॅट तिथंच गेले. शिवाय त्याला हजाराच्या वर आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे पाहिजेत, आपलं हँडल मिनिटाला 60. म्हणून कायमचे मॅग्नेट आणि जास्त वेढे.

आणि आपल्याच जिल्ह्यात बघा की, गोकाकचा धबधबा 52 मीटर. सेकंदाला फक्त एक लिटर पाणी पडलं तरी 500 वॅटची ताकद, दहा-पंधरा माणसांच्या हातांएवढी, आणि घटप्रभा पावसाळ्यात किती येते ते तुम्ही बघितलंय. इथनं पुढं टर्बाइनचं सांगणार होतो, पण अध्यक्ष उठले. यंत्र बाहेर व्हरांड्यात आहे, फिरवून बघा, फक्त एटीएम कार्ड आणि काट्यांचं घड्याळ मॅग्नेटजवळ नेऊ नका.