शाळा सुटल्यानंतरच्या विज्ञानाला पैसा कोण देणार?

श्रोतेहो, नमस्कार.

1810 साली लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा एक तरुण संध्याकाळच्या विज्ञान-व्याख्यानांना जाऊ लागला. जॉन टेटम नावाचे गृहस्थ ही व्याख्यानं देत आणि प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग शुल्क असे. त्या तरुणाकडे शिलिंग नव्हता. तो त्याला लोहारकाम करणाऱ्या थोरल्या भावानं दिला. हा तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. पुढे 1831 मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होणं, शोधून काढलं आणि आजही बहुतेक जनित्रं त्याच तत्त्वावर वीज तयार करतात.

शाळा सुटल्यावर चालणारे विज्ञानाचे वर्ग, रोबोटिक्सचे गट, कोडिंगचे क्लब यांच्यासाठी आज तो शिलिंग कोण देणार, याविषयी मला बोलायचं आहे. ही वेळ मोठी विचित्र आहे. शाळेच्या अंदाजपत्रकात ती बसत नाही, कारण शाळा सुटलेली असते. घरखर्चात बसवणं ज्यांना जमतं, त्यांची मुलं खासगी शिकवणीला जातात. आणि ज्या मुलांना या दोन तासांची सगळ्यांत जास्त गरज असते, त्यांच्याच पालकांना शुल्क परवडत नाही. म्हणून हे वर्ग विनामूल्य असावेत असं माझं ठाम मत आहे, आणि ते तसे ठेवायचे तर पैसा बाहेरून आणावाच लागतो.

पैसा मागायला निघालेले बहुतेक जण आधी वस्तूंची यादी करतात. इतके संगणक, इतके रोबोटिक्स किट, एक थ्रीडी प्रिंटर. देणगीदारालाही हे सोयीचं असतं. वस्तू दिसते, तिच्यावर नाव लावता येतं, उद्घाटन करता येतं. पण पेरू देशाचा अनुभव आठवावा. तिथल्या सरकारनं मुलांसाठी आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. ग्रामीण भागातल्या 319 प्राथमिक शाळा घेऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. सामान्य बौद्धिक कौशल्यांत थोडी वाढ दिसली, पण गणित आणि भाषा या विषयांत काहीही फरक आढळला नाही. लॅपटॉप पोहोचले होते. ते घेऊन मुलांशी काय करायचं, याची तयारी शिक्षकांकडून पुरेशी करून घेतली गेली नव्हती.

म्हणून माझं सांगणं असं की, वस्तूंच्या आधी माणसासाठी पैसे मागा. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येणारी ताई किंवा दादा हाच या वर्गाचा पाया आहे. मोटर उलटी का फिरली हे मुलीला स्वतः शोधू देणारं, ती चिडली तरी उत्तर लगेच न सांगणारं माणूस हवं. या माणसाचं मानधन, त्याचा प्रवासखर्च आणि त्याचं प्रशिक्षण अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत यायला हवं. पुष्कळ संस्था मानधन शेवटी लिहितात, लाजत लिहितात, कधी कधी ‘इतर खर्च’ या शीर्षकाखाली लपवतात. मग दुसऱ्या वर्षी ताई दुसरी नोकरी धरते आणि किट कपाटात पडून राहतात.

मानधनाखाली लगेच झिजणाऱ्या आणि संपणाऱ्या गोष्टी लिहा. बॅटरी, तारा, सेन्सर, जळलेले सर्किट बोर्ड, हरवलेले स्क्रू. शाळा सुटून थेट आलेल्या मुलांचा खाऊसुद्धा खर्चात धरा, कारण भुकेल्या मुलाचं लक्ष प्रयोगात लागत नाही. विमा आणि लेखापरीक्षणही विसरू नका.

आता मागायचं कुणाकडे? सरकारी योजना हा सगळ्यांत मोठा झरा. अमेरिकेत शाळेच्या वेळेबाहेरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र निधीच आहे. 1994 च्या कायद्यातून तो सुरू झाला आणि आज त्यातून वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली जाते. प्रत्येक देशात असा स्वतंत्र निधी नसतो. तिथे शिक्षण खात्याबरोबर विज्ञान-तंत्रज्ञान, युवक कल्याण, ग्रंथालय, कौशल्य विकास अशा खात्यांच्या योजनाही चाळाव्या लागतात. ‘शाळेनंतरचा विज्ञान वर्ग’ हे शब्द योजनेत नसतील, पण उद्देश जुळत असेल तर अर्ज करावा. सरकारी पैशाबाबत एक सावधगिरी मात्र बाळगावी. तो बहुधा हप्त्यांनी येतो, उशिरा येतो आणि पुष्कळदा आधी खर्च करा, मग मिळेल अशा अटीवर येतो. काही महिन्यांचं मानधन बाजूला ठेवल्याशिवाय मोठं अनुदान स्वीकारणं मला धोक्याचं वाटतं.

सरकारनंतर कंपन्या. त्यांच्याकडे पैशाखेरीज दुसरंही एक धन असतं, त्यांचे अभियंते. अमेरिकेत संशोधक डीन केमन यांनी 1989 मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि 1992 मध्ये एका शाळेच्या व्यायामशाळेत 28 संघांची पहिली रोबोट स्पर्धा भरवली. विद्यार्थ्यांच्या संघाशेजारी कंपनीचे अभियंते उभे राहतील, ही कल्पना तिथून रुजली. या संघांतली मुलं आजही प्रायोजकांना स्वतः भेटतात आणि आपला रोबोट स्वतः समजावून सांगतात. मला हे फार मोलाचं वाटतं. कंपनीकडे जाताना केवळ धनादेश मागू नका. महिन्यातल्या दोन संध्याकाळी तुमचे दोन अभियंते पाठवा, असंही म्हणा. मुलांमध्ये बसून गेलेला अभियंता पुढच्या वर्षी कंपनीत तुमच्या बाजूनं बोलतो.

जागेसाठी तर पैसे लागतीलच असं नाही. 2011 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात सुरू झालेले ‘कोडरडोजो’ आणि 2012 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेले ‘कोड क्लब’ हे मुलांना कोडिंग शिकवणारे विनामूल्य गट स्वयंसेवकांच्या बळावर, शाळांच्या, ग्रंथालयांच्या, कार्यालयांच्या रिकाम्या खोल्यांत पसरले. मिळालेल्या जागेची आणि स्वयंसेवकांच्या तासांची नोंद ठेवा. बऱ्याच अर्जांत संस्थेचा स्वतःचा वाटा किती, हे विचारलेलं असतं. तिथे ही नोंद उपयोगी पडते.

एकाच मोठ्या देणगीदारावर सगळा भार टाकू नका. कंपनीचं धोरण बदलतं, अधिकारी बदलतो, आणि वर्ग मध्येच थांबतो. त्याचा फटका नेमका त्या मुलाला बसतो ज्याचा प्रकल्प अर्धा झालेला असतो. दरमहा ठरावीक छोटी रक्कम देणारे माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, आसपासचे व्यावसायिक जमवायला वेळ लागतो, पण मोठं अनुदान अडकलं की मानधन त्यांच्याच जोरावर निघतं.

अर्जात काय लिहावं, याविषयी थोडं बोलतो. परीक्षेचे गुण वाढतील असं वचन देऊ नका. आठवड्याला दोन तासांच्या वर्गाकडून ते सिद्ध करणं कठीण असतं. त्याऐवजी पहिल्या दिवशी किती मुलं आली आणि वर्षअखेर त्यांतली किती टिकली, ते मोजा. मुली किती टिकल्या, हे वेगळं मोजा. मुलांनी काय बनवलं, ते का बंद पडलं आणि त्यांनी ते कसं सुरू केलं, हे त्यांच्याच वहीतून दाखवा. हे पुरावे वर्ग सुरू झाल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणून अनुदानाची वाट पाहत बसण्यापेक्षा उसन्या खोलीत दहा मुलांना घेऊन सुरुवात करा आणि त्या वह्या अर्जासोबत जोडा.

अर्ज पाठवण्याआधी त्या संस्थेत फोन करून बोलावं. त्यांनी मागच्या वर्षी कोणाला मदत केली, किती केली, मानधनाला त्यांची हरकत आहे का, हे थेट विचारावं. हरकत असेल तर त्यांच्याकडून साहित्य घ्या आणि मानधनासाठी दुसरा दाता शोधा. शक्य तिथे तीन वर्षांची मदत मागा. पहिलं वर्ष मुलांचा विश्वास बसण्यात जातं, दुसऱ्या वर्षी काम आकार घेतं, आणि तिसऱ्या वर्षी पहिल्या तुकडीतलीच दोन-तीन मुलं लहानांना शिकवू लागतात. त्यांनाही थोडं मानधन मिळेल, अशी तरतूद पहिल्याच अर्जात करून ठेवा.

नमस्कार.