आईला कळतं म्हणजे नक्की काय होतं

(काळोख. पंख्याची घरघर.)

रात्रीचे पावणेतीन. बाहेरून एक ट्रक खडखडत गेला, मग कुत्री भुंकली, शेजारच्या घरात कुणाचा तरी अलार्म वाजून वाजून आपोआप बंद पडला, आणि ही बाई ढाराढूर झोपलेली आहे. आता बघा. पाळण्यातून नुसतं ‘हं’ असं आलं, रडणं पण नाही, रडायच्या आधी बाळ जो एक श्वास ओढून घेतं ना तेवढाच, आणि ही उठून बसली. डोळे धड उघडलेले नाहीत पण हात पाळण्यावर गेला सुद्धा.

याला आपण म्हणतो आईला कळतं. कसं कळतं असं विचारलं तर म्हणतात आईचं काळीज असतं ते, आतूनच येतं. आणि विषय तिथेच संपतो.

मला तो तिथे संपवायचा नाहीये. कारण ही बाई म्हणजे मीच, पण बाळ सहा महिन्यांचं झाल्यानंतरची. पहिल्या तीन आठवड्यात मला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. बाळ रडायचं, मी दूध पाजायचे, तरी रडायचं, ढेकर काढायचे, डायपर बदलायचे, तरी रडायचं, आणि घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, जणू उत्तरपत्रिका माझ्याच उशीखाली ठेवलीये. तू आई आहेस, तुला कळायला हवं. हे वाक्य बोलणाऱ्याला कौतुकाचं वाटतं, ऐकणारीला काय वाटतं ते तिलाच माहीत.

(वहीचं पान, जवळून.)

मग मी वही केली. एक दहा, दूध. एक चाळीस, ढेकर नाही. दोन पाच, रडणं, पाय पोटाशी. अडीच, झोप. दोन चाळीस, परत. अशी पानंच्या पानं. हीच वही मागच्या बाजूने उघडली की माझ्या कोर्सच्या नोट्स आहेत, कारण मी तेव्हा घरून एक परीक्षा द्यायची तयारी करत होते, हौस बघा. वहीच्या पुढून बाळ आणि मागून अभ्यास. पुढे या दोन बाजूंचं काय झालं त्यावरूनच हा व्हिडिओ करायचं डोक्यात आलं.

आधी पुढची बाजू.

२०१३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी आईबाबांना बाळांच्या रडण्याची रेकॉर्डिंग्ज ऐकवली, त्यात काही त्यांच्या स्वतःच्या बाळाची आणि बाकी परक्या बाळांची. कुटुंबं काही फ्रान्समधली होती, काही काँगोमधली. यातलं आपलं कोणतं ते ओळखा. आता पूर्वीपासून समज असा की यात आईच पुढे असणार. पण बाबा लोकांनीही तितकंच ओळखलं, दोघंही साधारण ९० टक्के वेळा बरोबर. फरक पडला तो कशानं, तर रोज बाळाजवळ किती वेळ असता त्यानं. जे बाबा दिवसातले चार तासही बाळासोबत नव्हते त्यांचा आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास घसरला. म्हणजे काळीज वगैरे ठीक आहे, पण आधी हजेरी लागते!

आणि याच्या पुढची गोष्ट ऐकून तर मी रेकॉर्डिंग थांबवून दोन मिनिटं हसले होते. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, नीट ऐकलंस तर कळेल, असं मला किती जणींनी सांगितलं असेल. २०२३ मध्ये २४ बाळांच्या घरी रेकॉर्डर ठेवून ३,६०० तासांचं रेकॉर्डिंग तपासलं गेलं, कॉम्प्युटरला दिलं, माणसांना ऐकवलं. रडण्यावरून बाळ कोणतं ते कळतं, त्याचं वय वाढतं तसा आवाज बदलतो तेही कळतं, पण भूक का झोप का नुसतंच कडेवर घ्या म्हणतंय ते आवाजावरून ना मशीनला सांगता आलं ना माणसाला.

मग आईला कळतं ते कुठून? शेवटचं दूध कधी झालं, आज दुपारची झोप अर्धीच झाली, मगाशी डोळे चोळत होतं, खोलीत आज उकडतंय. हे सगळं तिच्या डोक्यात सतत चालू असतं, तिला स्वतःलाही पत्ता नसतो, आणि रडण्याचा आवाज आला की त्याची बेरीज होऊन एकदम उत्तर बाहेर पडतं. ती म्हणते मला वाटलंच. माझी वही साधारण तिसऱ्या महिन्यात बंद पडली, ठरवून नाही, एक दिवस लक्षात आलं की गेल्या पंधरा दिवसांत आपण काही लिहिलंच नाहीये. वही डोक्यात गेली होती.

दुखण्याचं रडणं मात्र वेगळं निघालं, आणि तिथेही गंमत हीच. २०२२ च्या एका अभ्यासात लोकांना दोन प्रकारचं रडणं ऐकवलं, एक आंघोळीच्या वेळची कुरकुर आणि दुसरं लस टोचल्यावरचं. ज्यांनी कधी बाळ सांभाळलंच नाही त्यांचे नुसते अंदाजपंचे. ज्यांच्या घरात लहान बाळ होतं त्यांना मात्र अगदी परक्या बाळाचंही ओळखता आलं, मग ती आई असो नाहीतर बाबा.

बरं, म्हणून शरीराचा यात काही वाटा नाही असं मी म्हणत नाहीये. २०१६ मध्ये पहिलटकरणींचे मेंदूचे स्कॅन गरोदरपणाच्या आधी आणि नंतर काढून ताडून पाहिले, तर समोरच्याच्या मनातलं ओळखण्याशी जे भाग जोडलेले आहेत तिथला करडा भाग चक्क कमी झालेला होता, आणि दोन वर्षांनीही तो बदल टिकून होता. बाबांच्या मेंदूत तसं काही दिसलं नाही. कमी झाला म्हणजे वाईट झालं असं नाही बरं का, वयात येताना पण असंच होतं, लागतं ते ठेवून बाकीची छाटणी. थोडक्यात काय, बाळंतपण जमीन नांगरून देतं. पेरणी करावीच लागते.

उंदरांचं तर अजून सरळ आहे. १९६७ मध्ये जे रोझेनब्लॅट या शास्त्रज्ञाने कधीच न व्यालेल्या माद्यांच्या पिंजऱ्यात दुसऱ्यांची पिल्लं ठेवली. पहिले काही दिवस त्या पिल्लांकडे ढुंकून बघेनात. साधारण आठवडाभरात त्याच माद्या पिल्लांना चाटायला लागल्या, तोंडात धरून घरट्यात आणायला लागल्या. नर ठेवले तर नरांनीही तेच केलं. सख्ख्या आईला हे पहिल्या तासापासून येतं, इतरांना आठवडा लागतो, एवढाच काय तो फरक.

(तीच वही. उलटी करून मागून उघडली जाते.)

आता मागची बाजू. ही बघताना मला थोडी लाजच वाटते. पिवळा हायलायटर, गुलाबी हायलायटर, काही पानं इतकी रंगवलीत की न रंगवलेलं शोधावं लागतं. मी तोच धडा चार-चार वेळा वाचायचे आणि मिटल्यावर वाटायचं की आता पक्कं झालं. दहा दिवसांनी पाटी कोरी. मला वाटायचं वय झालं आता, शिवाय झोप नाही, आपल्याच्याने नाही होणार.

वयाचा दोष नव्हता तो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आणि त्यांचा कॉन्फिडन्सही जोरात. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. परत परत वाचलं की मजकूर ओळखीचा होतो, आणि आपल्याला वाटतं की तो आपल्याला येतो. रस्त्यात रोज दिसणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला कुठे माहीत असतं?

आणि वहीच्या पुढच्या बाजूने मी नेमकं उलटं करत होते. बाळ रडलं की तो पेपरच असायचा. अंदाज करा, करून बघा, चुकलं तर रडणं वाढणार, जमलं तर थांबणार, निकाल दोन मिनिटांत. असे दिवसाला पंधरा-वीस पेपर. एवढ्या परीक्षा दिल्या तर कुठलाही विषय येईल की!

मोठ्या वयात शिकता येतं का हा प्रश्न खरं तर एका परीक्षेने कधीच निकालात काढलाय. लंडनमध्ये टॅक्सीचं लायसन्स हवं असेल तर शहराच्या मध्यावरच्या चेअरिंग क्रॉस या चौकापासून सहा मैलांच्या आतले जवळपास २५,००० रस्ते तोंडपाठ लागतात, नकाशा न बघता सांगायचं कुठून वळायचं, आणि याला तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा ७९ शिकाऊ लोकांचे स्कॅन काढले, सुरुवातीला आणि नंतर. सुरुवातीला सगळ्यांचे मेंदू सारखेच. शेवटी ३९ जण पास झाले, आणि त्यांच्याच मेंदूत हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला, जो जागा आणि वाटा लक्षात ठेवतो. नापास झालेल्यांचा होता तसाच. २०११ ची गोष्ट ही. पास होणारे आठवड्याला जवळपास दुप्पट तास घालत होते, तिथेही हजेरीच. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, पास झालेले लोक नवीन आकृती बघून नंतर आठवून काढायला थोडे कच्चे झाले होते. एक वाढलं, एक घटलं.

त्याहून मला जवळचा वाटतो तो लखनौजवळच्या खेड्यांतला अभ्यास, २०१७ चा. तिशीच्या आसपासचे लोक, बहुतेक बायका, कधी अक्षर गिरवलेलं नाही. सहा महिने देवनागरी शिकल्या. आपलीच लिपी, तोच काना, तीच वेलांटी. वाटलं होतं की मेंदूच्या वरच्या थरात काहीतरी दिसेल, पण बदल दिसला तो खूप आतल्या, जुन्या भागांत, थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत. सहा महिन्यात, तेही तिशीत. आणि मी हायलायटरला दोष द्यायचा सोडून वयाला देत बसले होते.

(आरसा. कागदावर चांदणी, दुहेरी रेघांची.)

एक माणूस राहिला. हेन्री मोलेसन. १९५३ मध्ये फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याच्या डोक्यात नवीन आठवण म्हणून टिकेना. तुम्ही भेटलात, बोललात, बाहेर जाऊन परत आलात की तो तुम्हाला नव्याने भेटणार. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण स्वतःचा हात बघायचा नाही, फक्त आरशात बघायचं. तुम्ही करून बघा घरी, हात डावीकडे न्यायला जावा तर भलतीकडेच पळतो, कोपऱ्यावर तर पेन्सिल अडकून थरथरत राहते. हेन्रीचंही तेच झालं. पण तीन दिवस रोज करून घेतलं तर चुका कमी कमी होत गेल्या, तिसऱ्या दिवशी हात सफाईने फिरला. आणि त्याला विचाराल तर आपण हे आधी कधी केलंय हे त्याच्या गावीही नाही. हाताला येत होतं. हेन्रीला माहीत नव्हतं.

आईला वाटलंच होतं मधलं ‘वाटलंच’ मला याच जातीचं वाटतं. शिकल्याची आठवण नाही, शिकलेलं मात्र आहे.

अर्थात वाटणं दर वेळी खरं निघतं असं नाही, नाहीतर आतला आवाज म्हणत शेअर बाजारात पैसे घालवलेले लोक दिसलेच नसते. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ, एकाचा आतल्या आवाजावर अविश्वास, दुसऱ्याचा विश्वास, दोघं काही वर्षं डोकं लढवून २००९ मध्ये एका मतावर आले. ज्या कामात काही एक नियमितपणा आहे आणि चूक झाली की लगेच कळते तिथे आतून वाटण्याला किंमत द्यावी. बाकी ठिकाणी कितीही ठाम वाटो, त्यावर जाऊ नये. बाळ पहिल्या प्रकारात बसतं.

म्हणून हॉस्पिटलात आई जेव्हा म्हणते की हे आज काहीतरी वेगळंच वाटतंय, रिपोर्ट नॉर्मल असले तरी, तेव्हा तिच्या मनात नुसतीच शंकेची पाल चुकचुकलेली नसते, तिने शेकडो रात्रींशी ताडून पाहिलेलं असतं, फक्त सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात २०१३ पासून रायन्स रूल आहे आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून मार्थाज रूल, घरच्यांना काळजी वाटली तर त्यांना थेट दुसऱ्या टीमला बोलवून तपासणी मागता येते. दोन्ही नियमांना नाव आहे ते मुलांचं, ज्यांच्या आईवडिलांचं वेळेत ऐकलं गेलं नाही. ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ज्या मुलांच्या पालकांनी तब्येत बिघडतेय असं म्हटलं होतं त्यांना आयसीयूत न्यावं लागण्याचं प्रमाण इतरांच्या चौपट होतं.

(पहाट. खिडकी.)

परीक्षेच्या आधी महिनाभर नवऱ्याने रात्रीची ड्युटी घेतली होती. सुरुवातीला मीच उठायचे आणि त्याला हलवून जागं करायचे, अरे ऊठ ना, रडतंय. पेपरच्या दिवशी सकाळी मी एकदम ताजीतवानी उठले आणि त्याला म्हटलं, आज शहाण्यासारखं झोपलं ना रात्रभर.

तो डोळे चोळत म्हणाला, दोनदा उठलं होतं.