सुका कचरा खरोखर सुका द्या

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला कचरा दारात दिला की आपल्या लेखी तो संपतो. प्लास्टिकची बाटली, रद्दी, दुधाची पिशवी यांचं पुढे कुठेतरी, कुठल्याशा यंत्रात काहीतरी चांगलं होत असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या यंत्रापर्यंत पोचण्याआधी आपली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हातातून जाते. बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या हातातून. आज मी बोलणार आहे ते त्या हातांना डोळ्यांसमोर ठेवून.

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढावांचा या चळवळीला मोठा आधार होता. कचराकुंड्यांतून भंगार वेचणाऱ्या बायका तिथे एकत्र आल्या आणि आम्ही कामगार आहोत, आमच्या कामाला ओळख द्या, अशी मागणी त्यांनी केली. याच चळवळीतून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला आणि कुंड्या धुंडाळणारे हात घरोघरी कचरा घ्यायला येऊ लागले. या कामात कचरावेचकांना घरटी दरमहा ठरलेलं शुल्क मिळतं, आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसे त्यांचे. म्हणजे तुमच्या घरातला कागद कोरडा राहिला की आमटीत भिजला, यावर कुणाची तरी त्या दिवसाची कमाई ठरते. आमटीत भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही. तो मग कशाच्याच कामाचा उरत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं अगदी साधं आहे. सुका कचरा खरोखर सुका द्या. दुधाची पिशवी घ्या. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता राहू द्या; कारण तो चिमुकला तुकडा वेगळा झाला की कुणालाही वेचता येत नाही, तो मोरीतून गटारात जातो. पिशवी रिकामी झाली की भांडी विसळतानाच्या पाण्यात एकदा खळबळा आणि खिडकीत वाळत टाका. विसळलेली पिशवी पुन्हा प्लास्टिकचे दाणे होण्याच्या मार्गाला लागते. न विसळलेली दुसऱ्या दिवशी आंबते, तिला मुंग्या लागतात, आणि तिच्याबरोबर बांधलेली रद्दीही वाया जाते. सॉसची बाटली, दह्याचा डबा, तेलाची पिशवी, सगळ्यांना हेच लागू.

वेफर्सच्या आतून चकचकीत असलेल्या पाकिटाचं मात्र असं होत नाही. त्यात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सहज सुटे करता येत नाहीत, त्यामुळे भंगारात त्याला भाव नाही. अशा पाकिटांचं बरेचदा सिमेंटच्या भट्टीत जळण होतं. चहाचे कागदी कप कागदाचे वाटतात, पण त्यांनाही आतून प्लास्टिकचा थर असतो. या वस्तूंसाठी मला एकच उपाय पटतो, त्या घरात कमी आणायच्या.

आता ओला कचरा. आपल्या शहरांतल्या कचऱ्यात साधारण निम्मा वाटा याचाच असतो. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न. हे सगळं पिशवीत बांधून डेपोच्या ढिगात गाडलं गेलं की त्याला हवा मिळत नाही आणि कुजताना मिथेन तयार होतो. हा वायू पेट घेणारा. 2016 च्या जानेवारीत मुंबईच्या देवनार डेपोला आग लागली तेव्हा धूर कितीतरी वस्त्यांवर पसरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं, आणि कचऱ्याच्या गाड्या अडवायला त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. आपल्या घरातल्या भेंडीच्या देठांनी दुसऱ्याच्या गावची विहीर नासावी, हे मला कधीही मान्य होणार नाही.

हाच ओला कचरा गच्चीत किंवा बाल्कनीत हवेशीर कुजला तर त्याचं खत होतं. भोकं पाडलेली बादली किंवा जाळीचा क्रेट पुरतो. तळाशी वाळका पालापाचोळा, त्यावर दिवसभराचा ओला कचरा, त्यावर पुन्हा भरपूर पाचोळा. कालचं थोडं ताक किंवा जुनं खत विरजणासारखं घातलं की काम लवकर सुरू होतं. दोनेक महिन्यांत काळंभोर, पावसाळी मातीचा वास येणारं खत हाताला लागतं. घाण वास आला तर घाबरून बंद करू नका. ओल जास्त झाली आहे, पाचोळा घाला आणि ढवळा. चिलटं झाली तरी तेच करा. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी यात टाकू नका, त्यांना फार वेळ लागतो. आणि सोसायटीच्या आवारात पाला जाळत असतील तर तो मागून घ्या, तुम्हाला वर्षभर पुरेल.

एक गोष्ट बोलायला आपण संकोचतो, म्हणून मुद्दाम बोलते. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे, आजारी माणसांचे डायपर. कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते अनेकदा उघड्या हातांनी उचलावे लागतात. पुण्यात कचरावेचकांनी यासाठी लाल ठिपक्याची पद्धत सुरू केली: वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. ठिपका दिसला की पुडी उघडायची गरज उरत नाही. फुटलेली काच आणि दाढीची पाती यांनाही असंच जाड कागदात गुंडाळून आत काय आहे ते वर लिहा. मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल सुक्या कचऱ्यात मिसळू नका. 2016 च्या केंद्राच्या नियमांनीही ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले होते.

आपल्याकडे वस्तू टिकवायची सवय होती, ती अजून पूर्ण गेलेली नाही. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या अजून शिवल्या जातात. बोहारीण अजून काही गल्ल्यांतून कपडे घेऊन भांडी देते. दळणाचा डबा गिरणीत नेताना कुणाला लाज वाटत नाही, मग पनीर किंवा मासळी आणायला डबा नेताना तरी का वाटावी?

आणि उद्या सकाळी कचरावेचक ताई आल्या की त्यांना दोन मिनिटं थांबवून विचारा, आमच्या कचऱ्यातलं काय विकलं जातं, काय जात नाही, आणि तुम्हाला कशाचा त्रास होतो. शहराशहरात, वस्तीवस्तीत याची उत्तरं थोडी वेगळी असतात. त्या सांगतील तसा डबा लावा.

नमस्कार.