कात्री न उचलणारं गिऱ्हाईक

[दृश्य: रविवारच्या वर्तमानपत्रातली रंगीत पुरवणी, शेजारी कात्री]

हे कूपन जरा नीट पाहा. चारी बाजूंनी तुटक रेघ, मधोमध मोठ्या अक्षरांत सवलत. तिच्याखाली अटी: अमुक वजनाचंच पाकीट, अमुक चवीचंच, दोन घेतलीत तरच, तेही मुदतीच्या आत. आणि अगदी तळाला, कॅमेरा पार जवळ न्यावा लागला अशी एक ओळ: या कागदाची रोख किंमत, सेंटचा शंभरावा भाग. अमेरिकेतल्या पुष्कळ कूपनांवर ती असते.

१८८७ साली अटलांटात कोका-कोलाची चिठ्ठी निघाली, तिचं काम सोपं होतं. चिठ्ठी दाखवा, एक ग्लास फुकट प्या.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, मग दुकानाचं काउंटर]

आता हे काम. कापायचं, मुदतीप्रमाणे लावायचं, दुकानाच्या जाहिरातीशी ताडून पाहायचं. दुकानात फळीसमोर उभं राहून नेमकं तेच वजन शोधायचं, आणि तेच संपलेलं असतं. काउंटरवर मशीन एक कूपन घेत नाही. कॅशियर मॅनेजरला हाक मारते, मागे रांग वाढते. घेतलं गेलेलं कूपन गल्ल्यात पडतं, तिथून मोजणी केंद्रात, मग माल बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने बिल. दुकानाला सवलतीची रक्कम परत मिळते, वर प्रत्येक कूपनामागे हाताळणीचे साधारण ८ सेंट. दुकानाच्या श्रमांचा भाव असा ठरलेला आहे. कात्री चालवणाऱ्याचे श्रम मात्र सवलतीतूनच वळते होतात.

[दृश्य: भाजीचा विभाग, एक ट्रॉली]

या बाईंच्या ट्रॉलीत कूपनाचं एकही चिटोरं नाही. कांदे, कोबी, सुटी सफरचंदं. अशा मालावर कूपन क्वचितच निघतं. ते निघतं डबाबंद, पाकीटबंद, नाव कमावलेल्या मालावर. पुढे टोमॅटोचे डबे. डावीकडे मोठा ब्रँड, उजवीकडे दुकानाच्या स्वतःच्या नावाचा डबा. अनेकदा कूपन वजा करूनही डावीकडचाच महाग पडतो. बाईंनी उजवीकडचा उचलला आणि पुढे गेल्या.

कंपन्यांना अशी गिऱ्हाइकं ठाऊक आहेत. विपणनाचे अभ्यासक चक्रवर्ती नरसिंहन यांनी १९८४ साली हे गणितात मांडलं: कूपन म्हणजे एकाच मालाचे दोन भाव. ज्याला पैसा जास्त बोचतो आणि जो वेळ काढू शकतो, त्याला कमी भाव, बाकीच्यांना पूर्ण. सगळ्यांनीच कात्री उचलली तर हा खेळ चालायचा नाही. कूपन न वापरणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

[दृश्य: जुन्या बातम्यांची कात्रणं]

१९९६ मध्ये साबण-डिटर्जंट बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो, रॉचेस्टर आणि सिरॅक्यूज भागांत कूपनं बंद करून पाहिली. एरवी छापलेल्यांपैकी फारच थोडी कूपनं परत येत, तरी लोक खवळले, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, आणि १९९७ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. न कापणाऱ्यांनी उलटा मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

[दृश्य: फोनवरचं ॲप]

आता कात्री मागे पडतेय, ॲप आलं. इथे नकाराचं कारणही बदलतं: फोन नंबर द्या, मग घरात काय संपलं, काय आलं, याची नोंद दुकानाकडे. काहींना ते नको आहे, काहींकडे तसा फोनच नाही. २०२५ मध्ये सॅन डिएगो शहराने नियम केला: ॲपवर जी सवलत, ती कागदावरही द्या. जिथे असा नियम नाही, तिथे ॲप नसलेल्याला पूर्ण भाव.