रिकामं घर

(दृश्य : पहाट. उसाचा फड. दंवानं ओली पानं. एक हात पान उलटं करतो.)

वरून पान हिरवंगार. उलटं केलं की मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर. बोट फिरवलं तर मेणचट भुकटी लागते. हा लोकरी मावा. निपाणीजवळच्या या फडात आज तो तीनच पानांवर सापडला, तोही दोन तास बांधाबांधानं हिंडल्यावर. 2002 साली तो शोधायला लागत नव्हता.

(दृश्य : बांधावर बसलेले शेतकरी. हातात वाढं.)

"सगळा फड पांढरा पडला होता बघा. आतनं चालत गेलं की अंगावर पीठ सांडल्यागत. खालच्या पानांवर नुसती काजळी. फवारा म्हणालेत सगळे. फवारतो की, खरं आत शिरायचं कसं? डोक्याच्या वर ऊस."

दक्षिण महाराष्ट्रात दिसलेला मावा त्याच साली उत्तर कर्नाटकात उतरला. त्या दिवसांचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. उसाचं वजन घटलं, साखरेचा उतारा घटला, काही घरांची गणितं पुढची दोन-तीन सालं बसली नाहीत.

(दृश्य : पानाचा अगदी जवळून घेतलेला भाग. पांढऱ्या थरात काहीतरी सरकतं.)

आणि ही पाहा. तीनपैकी एका पानावर ही बसली होती. डिफा नावाच्या पतंगाची अळी. पांढऱ्या लोकरीत बारीक जाळं विणते आणि आत बसून मावा खाते. तिच्याच जोडीचा, मावाच खाणारा दुसरा कीटक मायक्रोमस. हे दोघंही इथलेच, कुणी परदेशातून आणलेले नाहीत. माव्याच्या मागोमाग तेही वाढले, आणि जिथं वाढले तिथं पानं हळूहळू पुन्हा हिरवी झाली. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं मायक्रोमस मुद्दाम वाढवून शेतांत सोडलाही.

मग औषध मारल्यावर काय होत होतं? औषध माव्याला लागतं, तसं या अळीलाही लागतं. दोघंही मरतात. शेवटी फायदा कुणाचा?

(दृश्य : बेळगावचा मासळी बाजार. बर्फ, पाट्या, एका पाटीत मोरी.)

इथून गोष्ट एकदम आड्रियाटिक समुद्रावर जाते. तिथं जाऊन चित्रीकरण करणं आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं. बेळगावच्या मासळीवर भागवून घ्या.

उंबेर्तो द'अंकोना हा इटलीतला प्राणिशास्त्रज्ञ बंदरांमधल्या मासळी बाजाराच्या जुन्या वह्या चाळत होता. फ्यूमे बंदरात आलेल्या एकूण मासळीत मोरी आणि पाकट, म्हणजे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे, 1914 मध्ये शेकडा 11.9 होते. 1918 मध्ये 36.4. 1923 पर्यंत पुन्हा 10.7. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं आणि मासेमारी रोडावली. जाळी कमी पडली, तर खाणारे आणि खाल्ले जाणारे दोन्ही मासे सारखेच वाढायला हवे होते. खाणाऱ्यांचाच वाटा का वाढला?

द'अंकोनानं हा प्रश्न आपल्या सासऱ्यांपुढे ठेवला. सासरे म्हणजे व्हितो व्होल्तेरा, रोममधले नावाजलेले गणिती. पुढे 1931 साली मुसोलिनीच्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला आणि प्राध्यापकी गमावली. ती वेगळ्या फिल्मची गोष्ट. जावयाच्या प्रश्नावर त्यांनी 1926 मध्ये दोन समीकरणं मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी तीच समीकरणं 1925 मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती, म्हणून आज दोघांचीही नावं जोडून घेतली जातात.

(दृश्य : खानापूर तालुक्यातली एक मराठी शाळा. फळा. निवृत्त गणित शिक्षक खडूनं दोन ओळी लिहितात.)

सरांनी ती माशांवरून उसात आणली. पहिली ओळ माव्याची : मावा आपोआप वाढतो, आणि अळीशी गाठ पडेल तितका खाल्ला जातो. दुसरी ओळ अळीची : मावा मिळाला तर वाढते, नाही मिळाला तर मरते. संपलं. यात पाऊस नाही, थंडी नाही, उसाची जात नाही. "सगळं घातलं तर फळा पुरायचा नाही, आणि कळायचंही नाही," सर म्हणतात.

या दोन ओळींमधून जे बाहेर पडतं ते चमत्कारिक आहे. दोघांची संख्या वरखाली होत राहते, आधी मावा वाढतो, मागून अळी, मग मावा पडतो, मागून अळी. पण लांब पल्ल्याची सरासरी काढली, तर माव्याची सरासरी मावा किती वेगानं वाढतो यावर ठरतच नाही. ती ठरते अळी किती मरते यावर. अळीची सरासरी ठरते मावा किती वेगानं वाढतो यावर. प्रत्येकाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत.

(दृश्य : फळा जवळून. आकडे.)

सोयीसाठी घेतलेले आकडे. अळीचा मृत्यूचा दर 0.2, मावा खाऊन वाढण्याचा दर 0.001. भागाकार 200. ही माव्याची सरासरी. माव्याच्या वाढीचा दर 0.5, अळीच्या तोंडी लागण्याचा दर 0.01. भागाकार 50. ही अळीची.

आता फवारणी. दोघांनाही सारखंच औषध, मरणात 0.1 ची भर. अळीचा मृत्युदर 0.3 झाला. माव्याची वाढ 0.4 वर आली. पुन्हा भागाकार.

मावा 300. अळी 40.

(दृश्य : पहिल्या बाकावरची मुलगी. "सर, चुकलं.")

चुकलेलं नाही. सरांनी तिला उठवून तिच्याच हातानं भागाकार करायला लावला. औषधानं मावा वाढला. उलट्या दिशेनं वाचलं की तेच फ्यूमेचं उत्तर : जाळं म्हणजे समुद्रावरची फवारणी, ती थांबली, आणि खाणारा मासा वाढला.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. शेतातला मावा या दोन ओळींप्रमाणे आखल्यासारखा वागत नाही. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी पान स्वच्छ दिसतं, ते खरंच स्वच्छ असतं, आणि ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे तो सरासरी बघत बसत नाही. समीकरण किती मावा येईल हे सांगत नाही. कोणत्या बाजूला बघायचं ते सांगतं. आम्ही पान उलटं केलं तेव्हा मावा शोधत होतो. सर असते तर अळी शोधली असती.

(दृश्य : शाळेचं अंगण. फक्कीनं आखलेली दहा घरं, ठिकरीच्या खेळासारखी.)

एका फडाचं हे झालं. पण फड एकटा नसतो. तुमच्या फडातली कीड संपली तरी बांधापलीकडून येते. हा प्रश्न रिचर्ड लेव्हिन्स यांनी घेतला. पर्यावरणशास्त्रज्ञ आणि गणिती, शिवाय प्वेर्तो रिकोत काही वर्षं स्वतः शेती केलेला माणूस. 1969 मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशेबात किडे मोजायचेच नाहीत. घरं मोजायची : किती भरलेली, किती रिकामी. भरलेल्या घरातून कीड रिकाम्या घरात जाते, तो एक दर. भरलेलं घर कधीतरी आपोआप रिकामं होतं, तो दुसरा दर. दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं आणि एकातून वजा करायचं. जे उरेल तितका भाग घरं भरलेली राहतात.

सरांचे आकडे : पसरण्याचा दर 0.5, रिकामं होण्याचा 0.3. उत्तर 0.4. दहातली चार घरं भरलेली, सहा रिकामी. चार मुलं चार घरांत उभी आहेत, बाकीची कडेला बसून ओरडतायत. भरलेली घरं नेहमी तीच नसतात. आज इथलं रिकामं होतं, उद्या तिथलं भरतं. हिशेब चारच राहतो.

(दृश्य : सरांचा पाय. चप्पल फक्कीची रेघ पुसते.)

आता बघा. सर रिकाम्या सहांपैकी चार घरं पुसतात. कुणाला धक्का लागलेला नाही. चारही मुलं आपापल्या घरात. अजून दोन घरं रिकामीही आहेत. तरी मुलांनी उडी मारायला सुरुवात केली की दहातल्या चार उड्या पुसलेल्या जागेवर पडतात आणि वाया जातात. समीकरणात पुसलेला भागही वजा करायचा : 1 वजा 0.4 वजा 0.6. शून्य. सहा घरं शाबूत आहेत आणि काही फेऱ्यांनी त्यांत कुणीच उरणार नाही.

दहा घरं आणि चार मुलं हा खेळच, खऱ्या हिशेबाला घरं पुष्कळ लागतात. पण अंगणात तो पाचव्या फेरीतच कळला. कडेची पोरं गप्प झाली होती.

लेव्हिन्स यांनी हे मांडलं ते कीड संपवण्यासाठी. सगळ्या फडांत एकाच वेळी उपाय केला तर कीड कशी हटेल, हा त्यांचा प्रश्न होता. तेच समीकरण पुढे उलटं धरलं गेलं, जे टिकवायचंय त्याच्यासाठी. आणि आम्हाला निपाणीच्या उसातून इथवर यायचं होतं ते त्यासाठीच.

(दृश्य : उंचावरून. जांबोटीकडचा रस्ता, दोन्ही बाजूंनी रान. मग भीमगडचा कडा, ढग.)

दक्षिणेला काली व्याघ्र प्रकल्प. उत्तरेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, कोयना आणि चांदोलीचं रान. मधे राधानगरी, तिळारी आणि हे भीमगड, 2011 साली अभयारण्य झालेलं, सुमारे 190 चौरस किलोमीटर. याच रानात बारापेडेच्या गुहा. तिथलं रॉटनचं वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्राला माहीत झालं आणि पुढे कित्येक दशकं जगात दुसरीकडे कुठं आहे हेच ठाऊक नव्हतं. गुहेत आम्ही कॅमेरा नेला नाही, नेऊही नये. याच टापूत मलप्रभा उगम पावते आणि म्हादईही. पाण्याच्या भांडणात आज पडत नाही.

(दृश्य : कणकुंबी. झऱ्याचं पाणी. मग रस्त्यालगतचं विरळ रान, मधे काजूची बाग.)

या सगळ्याच्या मधे हे. नावाजलेलं काही नाही. काजूची बाग, मग थोडं रान, मग वस्ती, मग पुन्हा रान. रानातल्या माणसाला विचारा, सरळ सांगतो : "इथं वाघबिघ काय नाही. गवे येत्यात. हे ठेवून कुणाला काय मिळणार?" तो खोटं बोलत नाही. बहुतेक वर्षं इथं वाघ नसतोच. फक्कीच्या अंगणातल्या त्या सहा रिकाम्या घरांपैकी हे एक.

(दृश्य : वाघाचं छायाचित्र. उजवी कूस, डावी कूस.)

वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे आपल्या अंगठ्याचा ठसा. डावी-उजवी कूससुद्धा सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. पट्ट्यांवरून ओळखलेले वाघ पुन्हा किती वेळा सापडतात यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधायची रीत उल्लास कारंत यांनी याच राज्यात, नागरहोळेच्या रानात बसवली. 2022 च्या गणनेतले देशातले 3682 वाघ कुणी ओळीनं उभे करून मोजलेले नाहीत. तोही एका मॉडेलनं दिलेला आकडा. आणि याच पट्ट्यांवरून एक गोष्ट पक्की झाली : सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपलेला एक नर पुढे कालीच्या कॅमेऱ्यात सापडला.

तो उडत गेला नाही.

(दृश्य : रात्र. बेळगाव-गोवा रस्ता. ट्रकांचे दिवे. मग लोंढ्याजवळ जाणारी मालगाडी.)

रस्ता रुंद झाला, रुळांवरची वर्दळ वाढतेय, बागेला कुंपण पडतंय. घरं पुसल्यावर ती लगेच मोकळी होत नाहीत, वर्षानुवर्षं भरलेली दिसतात. डेव्हिड टिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये याला नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण असा : नामशेष होण्याची उधारी. माल आज उचलला, पैसे नंतर.

(दृश्य : काजूच्या बागेची कड. झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानं बांधलेला कॅमेरा. मालक आणि सर तो उघडतात. कार्ड लॅपटॉपमध्ये.)

बाग मालकीची आहे, कॅमेरा मालकाच्या परवानगीनं लावलेला. शाळेतली ती पहिल्या बाकावरची मुलगी याच घरची. वही घेऊन शेजारी बसलीय. सर चित्रं पुढे सरकवतात, ती लिहिते.

गवत. वाऱ्यानं हललेलं. पुन्हा गवत. शेजाऱ्यांची म्हैस. गवत. साळिंदर, पाठमोरं. गवत. गवत. गवा, अर्धाच, मागचे पाय चौकटीबाहेर. मालक स्वतः, डोक्यावर लाकडाची मोळी. गवत.

"गवत पण लिहू, सर?"

"लिही. तारीख घाल आणि वेळ घाल."

(दृश्य : वहीचं पान. पेन. वेळ 2.47, रकान्यात आडवी रेघ.)