नवं गाणं पाहिजेच

राम राम मंडळी! आमचं समूहगान मंडळ यंदा 25 वर्षांचं झालं, आणि मीटिंगमध्ये नेहमीचंच ठरत होतं, जुनी गाणी, शाल-नारळ, नाश्ता, घरी. तर एक काकू म्हणाल्या, नवं गाणं बनवून घेऊ ना, आपल्यासाठीच, आपल्या खानदेशी अहिराणी बोलीत. खजिनदार म्हणे, पैसे? घ्या! माईकवाल्याला ॲडव्हान्स देतो आपण, अन् संगीतकाराला चहापाण्यावर भागवायचं.

तसं हे काही आमचंच खूळ नाही. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या 50 वर्षांसाठी रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीने 1930 मध्ये रचना केली, त्यात त्याने कोरस घातला, लॅटिनमधली बायबलची स्तोत्रं, आणि व्हायोलिनं काढूनच टाकली. वर बोस्टनचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला, आणि ती पहिल्यांदा वाजली ब्रुसेल्सला! म्हणजे वाढदिवस एकाचा, केक दुसऱ्याने कापला.

आमची कटकट वेगळीच. सा धरायला पुरुषांना पेटीची काळी एक पट्टी सोयीची, बायकांना काळी चार, म्हणून इतकी वर्षं मधलाच कुठला तरी सूर धरायचा आणि दोघांनीही गळा ताणायचा. संगीतकाराने पेटी उघडून दाखवलं, अहो काळी एकचा पंचम, म्हणजे सा पासूनचा प, म्हणजेच काळी चार, मग भांडण कशाला? पुरुषांनी आपल्या सा वर गायचं, बायकांनी त्यांच्या पंचमाला आपला सा धरून तीच चाल उचलायची. फक्त बायकांचा शुद्ध नी पुरुषांच्या तीव्र मध्यमावर जाऊन पडतो, दोघं एकदम गायले की खालच्या शुद्ध मध्यमाशी चावतो, म्हणून चालीतून नी गायबच केला. बाकी सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरच्या गाण्यांसारखं, एका बाजूने टाकायचं, दुसरीने झेलायचं. मला तर हे हार्मनीच्या पुस्तकी हट्टापेक्षा जास्त पटलं.

शब्दांसाठी सगळ्यांनी आधी बहिणाबाईच धरल्या. असोद्याच्या, आपल्याच, पण त्यांच्या ओव्या आम्ही कायमच म्हणतो हो. शेवटी मंडळातल्याच बायांनी बसून लिहिलं, केळीच्या बागेवर, कापसाच्या भावावर, आणि एक कडवं नवऱ्यावर. ते गाताना पुरुषांची बाजू जरा दबकतेच. एक आजोबा तर पहिल्या तालमीला म्हणाले, "हाई काय शे भो?" म्हणजे, हे काय आहे भाऊ?

आता अडचण एवढीच की केळीची कटाई चालू आहे, संध्याकाळी पुरुष येतच नाहीत, आणि नुसत्या बायकांवर पंचम उभा राहत नाही, खाली सा पाहिजे. तेव्हा काळी एकवाले कुणी ऐकत असाल तर या, आवाज बसका असला तरी चालेल.