अमावस्येच्या रात्री घर शोधणारा कोळी

नमस्कार श्रोतेहो.

कोळी म्हटलं की आधी जाळं आठवतं. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय, तो शिकारीसाठी जाळं विणतच नाही. राहतो नामिबियात, नामिब वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांवर. शास्त्रीय नाव जिभेला जरा जडच आहे, ल्यूकॉर्केस्ट्रिस अरेनिकोला. रंग वाळूसारखा फिका, पाय पसरले तर तळहात भरेल एवढा. आपल्याकडे रात्री भिंतीवर झुरळांमागे धावणारा तो चपटा, मोठा कोळी असतो ना, ज्याला बघून निम्मं घर पलंगावर चढतं, तो याच्याच कुळातला.

दिवसभर हा बिळात असतो. बिळाच्या तोंडावर रेशमाच्या धाग्यांनी सांधलेल्या वाळूचं झाकण. ते बंद असलं की शेजारी उभं राहूनही कळायचं नाही. रात्री नर मादीच्या शोधात निघतो. भटकत भटकत पार लांब जातो, कधी शेकडो मीटरसुद्धा. आणि पुन्हा त्याच झाकणापाशी येतो. चंद्र नसला तरी येतो!

आता हे जमतं कसं? एक युक्ती पायांत आहे. कोळ्याच्या पायांच्या कठीण कवचात बारीक चिरा असतात. चालताना कवचावर पडणारा ताण त्या टिपतात, आणि त्यावरून किती पावलं, कुठल्या दिशेला चाललो याचा हिशेब कोळ्याला ठेवता येतो. 1972 मध्ये सायफार्थ आणि बार्थ या दोन शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतल्या एका कोळ्यावर प्रयोग केले. पकडलेल्या माशीपासून हुसकावून लावलं, तरी तो न बघता त्याच जागी परत यायचा. त्या चिरा निकामी केल्यावर मात्र त्याची दिशा चुकू लागली.

पण पावलांच्या हिशेबात दर वळणाला थोडी चूक होते आणि ती साठत जाते. हातभर अंतरावर चालून जाईल. शेकडो मीटरवर, पायाखाली सरकणाऱ्या वाळूत, चालणार नाही. तिथे डोळे लागतात. नामिबमधल्या कोळ्याचे आठही डोळे झाकले तेव्हा त्याला घर सापडणं फार अवघड गेलं. काही जोड्या झाकल्या, तर उरलेल्यांवर त्यानं भागवलं.

मला सगळ्यांत आवडली ती पुढची गोष्ट. नॉरगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ती मांडली. नव्या बिळातून बाहेर पडताना हा कोळी सरळ वाट धरत नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे, अशी नागमोडी चाल करत निघतो. संशोधकांच्या मते हा त्याचा अभ्यास असावा. वेगवेगळ्या बाजूंनी परिसर बघायचा आणि घराच्या खुणा पक्क्या करायच्या. गांधीलमाश्याही नव्या घरट्यातून निघताना अशाच घिरट्या घालतात, पण त्यांना दिवसाचा लख्ख उजेड असतो. याला अभ्यासाला मिळतात त्या फक्त चांदण्या.

नमस्कार.